लिस्बनमधली येळवस

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि ऊन आपल्याकडच्या चार वाजल्यासारखं होतं. पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या रोसिओ चौकात मी साडीखाली बूट घालून उभी होते. शेजारी लेक आणि सोबत सात अनोळखी माणसं. रात्री दहापर्यंत गाव हिंडायचं, एकेका दुकानात थोडं खायचं, थोडं प्यायचं आणि पुढं निघायचं, असा तो फेरफटका होता. लेकानं माणशी 80 युरो भरले होते. मी मनातल्या मनात हिशेब केला. माझ्या मेसमधल्या दोन पोरांचे महिनाभराचे, दोन्ही वेळचे पैसे. त्याला काही बोलले नाही. दोन वर्षांपासून तो तिथं नोकरीला आहे, आई पहिल्यांदा आली होती, आणि आपल्या पैशानं तिला काहीतरी दाखवावं असं त्याच्या मनात होतं.

मी लातूरच्या ट्यूशन एरियात मेस चालवते. नीटची तयारी करणारी पोरंपोरी येतात. नांदेड, परभणी, बीड, हिंगोलीकडची. वीस वर्षं झाली ह्या कामाला. गळ्यात माळ आहे, त्यामुळं मांस, मच्छी, अंडं नाही आणि दारू तर नाहीच. हे सगळं लेकानं बुकिंग करतानाच लिहून दिलं होतं आणि 'चालेल' असं उत्तरही आलं होतं. तरी पहिल्याच दुकानात माझ्यासमोर जे ठेवलं ते पावात घातलेलं डुकराचं मांस होतं. आम्हाला हिंडवणाऱ्या पोरीचा चेहराच उतरला. तिला वरून कुणी कळवलंच नव्हतं. मला राग आला, पण तिचा नाही. माझ्याकडं एखादं पोरगं म्हणालं की मावशी, मला शेंगदाणा चालत नाही, तर त्याच्या भाजीत कूट पडत नाही म्हणजे नाही. जेवू घालायचे पैसे घेतले की एवढं लक्षात ठेवायलाच पाहिजे.

पोरगी मात्र गुणाची निघाली. तिथून पुढं प्रत्येक दुकानात ती आधी आत जायची, काउंटरवरच्या माणसाशी बोलायची आणि माझ्यासाठी काय आहे ते ठरवूनच बाहेर यायची. मी जे काही खाल्लं-प्यायलं ते सगळं तिच्यामुळं. म्हणून हे लिहायला बसले.

रोसिओच्या कडेला सांव दोमिंगुश नावाचं चर्च आहे. 1959 च्या आगीत ते आतून जळालं. तडकलेले, काळवंडलेले खांब त्यांनी तसेच राहू दिलेत. त्याच्या जवळच एक दुकान आहे. दुकान कसलं, भिंतीतला कोनाडाच म्हणा. 1840 पासून तिथं जिंजिन्या विकतात, म्हणजे आंबट चेरी आणि साखर घालून मुरवलेली दारू. एवढ्याशा ग्लासात, उभ्याउभ्या प्यायची. तळाशी चेरी पाहिजे का नको, एवढंच विचारतात.

माझ्या संसारात दारूनं काय केलं ते इथं लिहायचं नाही. शेत गेलं आणि मेस सुरू झाली, एवढं पुरे. लेक खिशात हात घालून उभा राहिला. "आई, मला बी नको," म्हणाला. मी नसताना घेतोस का, हे मी विचारलं नाही. आमच्या पुढं एक म्हातारा-म्हातारी होती. दोघांनी एकेक ग्लास घेतला, चेरीची बी तळहातावर काढली, म्हाताऱ्यानं दोन्ही बिया नेऊन डब्यात टाकल्या आणि पाच मिनिटांत दोघं घराच्या वाटेला लागली. दारूबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण ती दोघं गल्लीत वळेपर्यंत मी बघत राहिले, आणि का बघत राहिले ते माझं मला माहीत आहे.

पुढच्या दुकानात बाकीच्यांना बिअर आली आणि सोबत वाटीभर पिवळे दाणे. त्रेमोसुश त्यांचं नाव. वालाहून चपटे, अंगठ्याच्या नखाएवढे, मिठाच्या पाण्यात मुरलेले. सालीला दातानं बारीक चिमटा काढायचा आणि बोटांनी दाबायचं. दाणा सुळकन तोंडात येतो, साल चिमटीत राहते. पहिले दोन माझ्या हातून उडाले, मग जमलं. हा दाणा कच्चा असताना कडूजहर असतो. आधी भिजवायचा, उकडायचा आणि पुढं कित्येक दिवस रोज पाणी बदलत राहायचं, तेव्हा कुठं कडूपणा उतरतो.

हे ऐकलं आणि माझा हात वाटीतच थांबला. कडू दाणा फेकून न देता इतके दिवस त्याच्या मागं लागणारी पहिली बाई कोण असेल? तिच्या घरात दुसरं काही नसणार. 72 च्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आठवतात, आणि आईनं तरोट्याचा पाला दोन-दोन पाण्यांत उकळून, पिळून केलेली भाजी आठवते. आज तो दाणा बिअरसोबत गंमत म्हणून खातात. मी वाटी संपवली. सालींचा ढीग बघून लेक म्हणाला, "आई, किती खायलीस!"

चौथ्या ठिकाणी चीज होतं. मी आधीच मान हलवली. चीज लावायला वासराच्या पोटातलं विरजण घालतात, हे मला मेसमधल्या पोरांनीच त्यांच्या बायोलॉजीच्या नादात सांगितलं होतं. पण पोरगी म्हणाली, हे अझैतांवचं चीज आहे, मेंढीच्या दुधाचं, ह्याला तसलं काही लागत नाही. एका काटेरी रानफुलाचे जांभळे तुरे वाळवून पाण्यात भिजवतात आणि त्या पाण्यानं दूध धरतं. तिनं फोनवर फोटो दाखवला. मी लेकाला म्हणाले, "अरे, ही तर करडई!" रंग तेवढा जांभळा. लेकानं तिथल्या तिथं शोधून बघितलं. करडई नाही, पण एकाच कुळातली. आमच्या शेतात ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी असायच्या, काट्यामुळं जनावर आत शिरत नसे. त्या काट्यातल्या फुलानं दूध लावता येईल असं आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चीजचं वरचं झाकण कापून आतलं मऊसूत चमच्यानं काढतात. खरवसापेक्षा सैल, खारट, आणि गिळल्यावर जिभेवर किंचित कडसर. लई आवडलं.

मग चढ लागला. लिस्बन सगळं टेकड्यांवर आहे आणि फरशी म्हणजे सुपारीच्या खांडासारखे बारीक पांढरे-काळे दगड, पाय ठेवून ठेवून गुळगुळीत झालेले. लेकाचा हात धरून चढत होते आणि एकदम मनात आलं, ही तर येळवस.

लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांसाठी सांगते. डिसेंबर-जानेवारीत येणारी वेळ अमावास्या म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी लातूर शहर कर्फ्यू लागल्यासारखं ओस पडतं. सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवण. हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातलं आंबील. स्वतःच्या शेतात पोट भरून थांबायचं नाही, हा त्यातला खरा भाग. शेजारच्या शेतातून हाक येते, तिथं दोन घास खायचे, तिथून पुढच्या बांधावर आंबिलाचा पेला, मग त्याच्या पलीकडं. ज्याचं शेत नाही त्यालाही हाक मारतात. आमचं शेत गेल्यावर पहिल्या येळवशीला मी घरात दार लावून बसले होते. शेजारणीनं येऊन कडी वाजवली आणि पोराला न् मला टमटममध्ये बसवून नेलं. त्या दिवशी आम्ही पाच शेतांत जेवलो.

इथं प्रत्येक दुकानदाराला आधी पैसे पोचलेले होते, हाक कुणी मारत नव्हतं. तरी तिसऱ्या दुकानापासून आमच्या घोळक्यातली माणसं एकमेकांना "हे चाखून बघा" म्हणायला लागली होती. एका बाईनं तिच्या ताटलीतलं ऑलिव्ह माझ्या ताटलीत सरकवलं. चालत चालत थोडं थोडं खाल्लं की माणूस मोकळा होतो, ते बसून जेवताना होत नाही.

चढ संपला तिथं छोटासा चौक आणि लोखंडी टपरी. बाकीच्यांना वाईन मिळाली. माझ्यासाठी पोरगीनं कापिले सांगितलं. जुन्या लिस्बनचं सरबत. पातळ तपकिरी, गोड, लिंबाच्या सालीचा वास. कशाचं, म्हणून विचारलं तर तिनं पुन्हा फोन काढला. काळ्या चकचकीत देठांची, पंख्यासारख्या नाजूक पानांची वनस्पती. हंसराज! त्याच्या पानांचा पाक करून हे सरबत बनतं.

औसा तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या विहिरीत आतल्या दगडांच्या सांध्यांतून हंसराज लोंबायचा. उन्हाळ्यात वरून डोकावलं की गार वास यायचा तो त्याचा, असं मी लहानपणी धरून चालले होते. पुढं विहीर उन्हाळ्यात आटायला लागली, मग दिवाळीनंतरच आटायला लागली, आणि हंसराज गेला. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी ताटं धुणं परवडत नाही म्हणून मेसला पत्रावळ्या काढल्या होत्या. त्या साली मी विहिरीत डोकावले तेव्हा दगड कोरडे पांढरे पडलेले. आणि इथं परमुलखात मी तीच पानं सरबत म्हणून पीत होते. दुसरा ग्लास मागितला. तो लेकाच्या नव्हे, माझ्या पैशानं.

आल्फामात शिरलो तेव्हा नऊ वाजले होते आणि अजून उजेड होता. 1755 च्या भूकंपानं खालचं लिस्बन जमीनदोस्त केलं, ही टेकडी बरीचशी वाचली. म्हणून गल्ल्या जुन्या, समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवावेत इतक्या अरुंद. तारीख होती 11 जून. दोन दिवसांवर संत अँतोनियोचा सण, गल्लोगल्ली पताका आणि सार्डिन भाजायचा धूर. तो वास मला सोसेना, पदर नाकाला लावून पुढं झाले. एका दारात म्हातारी छोट्या कुंड्या विकत बसली होती. मोसंबीएवढी गोल, बारीक पानांची झाडं, प्रत्येकात कागदी फूल आणि चार ओळींची कविता लिहिलेली चिठ्ठी. पोरगं आपल्या आवडीच्या पोरीला देतं म्हणे. मी वास घ्यायला वाकले तशी म्हातारी "नाऊं, नाऊं" करत उठली. नाक लावायचं नाही. तिनं माझा हात धरला, झाडावरून अलगद फिरवला आणि तळहात माझ्या नाकाशी आणला.

तुळस. अगदी आपली नाही, सब्ज्याकडं झुकणारी, पण तुळस. माझ्या माळेकडं बोट करून मी लेकाला म्हणाले, "सांग हिला, ही माळ ह्याच्याच थोरल्या बहिणीची आहे." पोरगीनं ते म्हातारीला सांगितलं. म्हातारीनं माळेला हात लावला आणि मग तोच हात स्वतःच्या नाकाशी नेला.

शेवटचं ठिकाण म्हणजे चार टेबलांची खोली. बाकीच्यांना खारवलेल्या माशाचं काहीतरी होतं. पोरगी अलेंतेझुची, म्हणजे पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या कोरड्या, उन्हाच्या, गव्हाच्या मुलखातली. ती मला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. "आमच्याकडचं गरिबाचं जेवण खाणार का?" तिथल्या बाईनं खलबत्त्यात लसूण, जाडं मीठ आणि मूठभर कोथिंबीर कुटली. हो, कोथिंबीर. सगळं हिरवंगार झाल्यावर खोल भांड्यात काढलं, वर ऑलिव्हचं तेल ओतलं, मग उकळतं पाणी. वास असा उठला की मी लातूरच्या ओट्यापाशी उभी आहे असं वाटलं. त्यात शिळ्या पावाचे तुकडे टाकले आणि लगेच पुढ्यात ठेवलं. वरून पाण्यात शिजवलेलं अंडं घालतात, माझ्यासाठी घातलं नाही. असोर्दा त्याचं नाव, मूळ शब्द अरबी. 1147 पर्यंत लिस्बनवर मुसलमान राजवट होती. आल्फामा हे नावही अरबी, ऊन पाण्याच्या झऱ्यांचं. निजामाच्या मुलखात वाढलेल्या माझ्या आजीच्या तोंडी न्हाणीला 'हमाम' असायचं, ते आठवलं.

मी ते सगळं भांडं एकटीनं संपवलं. लेक माशाचं ताट सोडून माझ्या भांड्यात चमचा घालायला लागला होता.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी ते मेसमध्ये केलं. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते, पण गावाकडं न गेलेली पाच-सात पोरं जिन्यात रेंगाळतातच. सकाळच्या ज्वारीच्या भाकरी उरल्या होत्या. लसूण, मीठ, कोथिंबीर कुटली, वर करडईचं कच्चं तेल घातलं, उकळतं पाणी ओतलं. पावासारखी भाकरी थांबत नाही, लगेच विरघळते, म्हणून तुकडे अगदी ताटात वाढतानाच टाकायचे, हे दुसऱ्या भांड्याला कळलं.

परभणीकडचं एक पोरगं खाली मान घालून खात होतं. संपल्यावर म्हणालं, "मावशी, ह्याला काय म्हणतात?"

"असोर्दा."

"आमची आज्जी ह्याला कुस्करा म्हणती. ती लसणासंगं भाजलेलं जवस टाकती."

पुढच्या रविवारी मी जवस भाजून ठेवलं.