टूसॉनचा पाऊस, लातूरचे पाणी

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरी बसले होते. पुढे त्या गाडीला पन्नास वाघिणी लागल्या आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले, पण आमच्या गल्लीत टँकर यायचा तो आठ-दहा दिवसांनीच. घागरी रांगेत लावून आईबरोबर उभी असताना, हे पाणी एवढ्या लांबून का आणावे लागते, हा प्रश्न माझ्या मनात जो बसला तो बसलाच. त्याच प्रश्नापायी मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि काही वर्षांनी जलविज्ञान शिकण्यासाठी अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात, म्हणजे सोनोरा वाळवंटातल्या टूसॉन शहरात, जाऊन पोहोचले.

वाळवंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या होत्या. फिनिक्सहून बसने येताना दोन तास खिडकीतून पाहिले, तर वाळूचे ढिगारे कुठेच नव्हते. होती ती खडकाळ जमीन, काटेरी झुडपे आणि त्यांच्यामधून माणसासारखे हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग. सग्वारोला पहिला हात फुटायला पन्नास ते पंच्याहत्तर वर्षे लागतात. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत चुण्या असतात. पाऊस पडला की तो पाणी शोषून घेतो आणि चुण्या फुगून उलगडतात, कोरड्या दिवसांत पुन्हा खोल होतात. विद्यापीठाच्या आवारात असा एक सग्वारो माझ्या वर्गाच्या वाटेवर होता. जाता-येता त्याच्या चुण्या पाहून शेवटचा पाऊस किती दिवसांपूर्वी झाला असेल याचा अंदाज बांधण्याची मला सवयच लागली.

आम्ही चौघी मैत्रिणी भाड्याच्या जुन्या घरात राहत होतो. त्या घराच्या छपरावर एक मोठा कूलर होता, अगदी आपल्याकडच्या उन्हाळी कूलरच्या तत्त्वावर चालणारा: ओल्या जाळीतून हवा ओढायची आणि गार करून आत सोडायची. मे-जूनमध्ये पारा 42-43 अंशांवर गेला, तरी हवा इतकी कोरडी असे की कूलर उत्तम काम करी. जुलैत हवेला दमटपणा आला की मात्र तो निरुपयोगी होऊन खोलीत नुसता चिकटा साचे. उन्हाळ्यात आमचा दिवस मराठवाड्यातल्या शेतकऱ्यासारखा पहाटे सुरू व्हायचा. बाजारहाट सकाळी आठच्या आत, दुपार ग्रंथालयात आणि संध्याकाळी तुमामॉक टेकडी चढायची. या टेकडीवर 1903 साली वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासासाठी उभारलेली दगडी प्रयोगशाळा आजही आहे. सूर्य मावळताना तिथून सगळे शहर दिसते.

पहिल्या सत्रात आमच्या प्राध्यापकांनी वर्गाला शहराच्या पश्चिमेला ॲव्हरा खोऱ्यात नेले. कोलोरॅडो नदीचे पाणी हावासू सरोवरातून उचलून 540 किलोमीटर लांबीच्या कालव्याने ॲरिझोनाच्या पोटात आणले जाते आणि वाटेत ते पंपांनी जवळपास 880 मीटर वर चढवावे लागते. 1973 मध्ये सुरू झालेले हे काम 1993 मध्ये टूसॉनपर्यंत येऊन पुरे झाले. सुरुवातीला ते पाणी शुद्ध करून थेट नळांना सोडले, तेव्हा जुन्या नळांतला गंज सुटून घरोघरी तांबडे पाणी आले आणि लोक संतापले. त्यानंतर शहराने दुसरी वाट धरली: पाणी उथळ तळ्यांत सोडायचे, जमिनीत मुरू द्यायचे आणि भूजलात मिसळलेले पाणी विहिरींतून उपसून पुरवायचे. तळ्याच्या काठावर उभी राहून हे ऐकताना माझ्या तोंडून मराठीत ‘पाझर तलाव’ असे निघून गेले. 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर आमच्या आजीने ज्यासाठी खडी फोडली, ते काम आणि हे काम मुळात एकच होते. प्राध्यापकांनी तो शब्द मला दोनदा उच्चारायला लावला आणि आपल्या वहीत लिहून घेतला.

मात्र टूसॉनने सगळे शहाणपणाने केले, असे मी म्हणणार नाही. या शहरातून सांता क्रूझ नावाची नदी वाहत असे. विसाव्या शतकात भूजलाचा एवढा उपसा झाला की तिचे पात्र वर्षातला बहुतेक काळ कोरडे पडले. 2019 पासून शहर आपले सांडपाणी शुद्ध करून तिच्या एका टप्प्यात सोडत आहे, म्हणून तिथे पुन्हा बेडूक आणि चतुर दिसतात. इथे वर्षाकाठी पावणेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लातूरला सरासरीने त्याच्या अडीच-तीनपट पडतो. ज्या दिवशी हे दोन आकडे मी प्रथम शेजारी शेजारी लिहिले, त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या शिवारावर पडलेले पाणी कुठे गेले, कोणत्या पिकाने किती प्यायले आणि किती बोअर किती फूट खाली गेले, हाच माझ्या प्रबंधाचा विषय झाला.

सर्वांत जास्त मी शिकले ती मात्र एका गल्लीत. डनबार स्प्रिंग या वस्तीत 1990 च्या दशकापासून ब्रॅड लँकेस्टर आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कठड्याला खाचा पाडल्या, म्हणजे पावसाचे रस्त्यावरून वाहणारे पाणी पदपथालगतच्या खड्ड्यांत वळते आणि तिथल्या झाडांना मिळते. आधी हे विनापरवाना चालले होते, पुढे महापालिकेने त्याला रीतसर मान्यता दिली. त्या खड्ड्यांत मेस्कीट लावलेले आहे. पाने आणि शेंगा पाहताच मी ओळखले, ही आमच्या वेड्या बाभळीच्याच कुळातली. आमच्याकडे तिला केवळ शेळ्या आणि चूल विचारतात. इथे तिच्या वाळलेल्या शेंगा दळून गोडसर पीठ करतात. त्या पिठात कणीक मिसळून मी दशम्या केल्या आणि मैत्रिणींना त्या फार आवडल्या.

दुसऱ्या वर्षी मी पूर्ण उन्हाळा तिथे काढला. तिथे पावसाला ‘मॉन्सून’च म्हणतात, आणि जुन्या परंपरेने 24 जूनला, सेंट जॉनच्या सणाला, मिरवणूक काढून त्याची वाट पाहायला सुरुवात करतात; आपल्याकडे मृगाची पाहतात तशीच. त्या वर्षी जुलै निम्मा सरला तरी ढग डोंगरांवरून परत फिरत होते. मग एका दुपारी हवेत क्रिओसोट झुडपाचा तो उग्र, ओला वास आला. थेंब पडण्याआधीच प्रयोगशाळेतले सगळे व्हरांड्यात येऊन उभे राहिले.

अर्धा तास धो धो कोसळल्यावर आम्ही रियीटो नदीच्या पुलाकडे धावलो. वर्षभर कोरड्या असलेल्या त्या पात्रात वरच्या अंगाने पाण्याचा पहिला लोट येत होता. पुढे तपकिरी फेस, त्यात काटक्या, वाळलेल्या शेंगा, एक रबरी चेंडू. आणि त्याच्यामागे कोरड्या वाळूला चाटत, सुर्र आवाज करीत पाणी. पुलावर पन्नासएक माणसे होती आणि कुणी बोलत नव्हते. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, म्हणजे लातूरला सकाळचे सात. मी वडिलांना व्हिडिओ कॉल लावला.

“वढ्याला पाणी आलंय व्हय गं?”

“आत्ताच आलंय, अण्णा. तुमच्याकडं?”

“दोन पेरण्या मोडल्या. आभाळ येतंय अन् जातंय.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मोबाइल जरा खाली धर. दिसू दे पाणी.”

मी कठड्यावरून दोन्ही हात बाहेर काढले आणि लोट पुलाखालून पूर्ण जाईपर्यंत फोन तसाच धरून ठेवला.