जोड लावताना: मोबाइलवरच्या गोल्फ स्पर्धेचा माझा अनुभव

आमच्या लातूरनं 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलंय. अशा गावात हिरवंगार गोल्फचं मैदान कुठून असणार? खरी गोल्फची काठी मी आजवर हातात धरलेली नाही. पण मोबाइलवर चार वर्षं रोज खेळतो, आणि मागच्या मे महिन्यात घरच्या आणि मित्रमंडळीतल्या सोळा जणांची स्पर्धा मी अंगावर घेतली. परभणी, नांदेड, अंबाजोगाई, उदगीर, सगळीकडची माणसं होती. ऊन असं की दुपारी कोणी उंबऱ्याबाहेर पडत नव्हतं.

पहिली स्पर्धा चार दिवसांत मोडली. नियम सोपा होता: एकच मैदान, अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे, चार फेऱ्या, ज्याचे फटके कमी तो जिंकला. कोणत्या होलला किती फटके लागायला हवेत हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. आमच्या मैदानाचा पार 72. परभणीच्या मामेभावानं पहिल्याच फेरीत 62 मारले, थोरल्या वहिनींचे 98 झाले. तिसऱ्या दिवशी सात जणांनी फेरी खेळलीच नाही. वहिनींना फोन केला.

"भाऊजी, हरायला मी भीत नाही," त्या म्हणाल्या. "पण पहिल्याच होलला कळायलंय की आपला नंबर चौदावा. मग पुढचे सतरा होल खेळायचे कशाला?"

ते माझ्या मनाला लागलं. लहानपणी आजोबा मला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्या बघायला न्यायचे. पंच दोन पोरांना शेजारी उभं करायचे, दंड चाचपायचे, उंची बघायचे आणि मगच जोड लावायचे. विजोड कुस्ती लागली की बघणारे लोकच ओरडून ती थांबवायचे. मी मात्र जोड न लावताच सोळा जणांना मातीत उतरवलं होतं.

आधी गट करून पाहिले. गेम प्रत्येकाला एक पायरी देतो, तिच्यावरून तीन गट पाडले. तेही फसलं, कारण पायरी नुसत्या खेळानं चढत नाही. उदगीरच्या मित्रानं पैसे भरून भारी काठ्या घेतल्या होत्या. त्याचा चेंडू आमच्यापेक्षा लांब जायचा, म्हणून तो वरच्या गटात बसला. होलजवळचे हलके फटके मात्र कच्चे, त्यामुळे तिथे रोज हरायचा. मग ठरवलं की सगळ्यांनी गेमच्या सुरुवातीला फुकट मिळणाऱ्या काठ्यांनीच खेळायचं. तो चिडला. "पैसे माझे गेलेत ना दादा?" त्याचं वाईट वाटणं मला समजलं, पण मी मागे हटलो नाही. विकत घेतलेलं अंतर म्हणजे हाताचं कसब नव्हे, हे माझं मत आजही पक्कं आहे.

खरी वाट सापडली ती मैदानावरच्या गोल्फमध्येच. तिथे हँडिकॅप असतो, म्हणजे कच्च्या खेळाडूला मोजून दिलेली सवलत. 2020 पासून त्याची जगभर एकच पद्धत लागू झाली. शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या 8 घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. सगळ्या फेऱ्यांची सरासरी नाही, हे फार महत्त्वाचं. माणूस साधारण कसा खेळतो ते इथे बघत नाहीत, चांगल्या दिवशी तो कुठवर पोचतो ते बघतात. म्हणजे मुद्दाम चार फेऱ्या वाईट खेळून सवलत वाढवायची म्हटलं तरी दोन-तीन चांगल्या फेऱ्या त्याला उघडं पाडतात. फेऱ्या सहाच असतील तर चांगल्या दोन घ्यायच्या आणि सरासरीतून एक वजा करायचा. खऱ्या पद्धतीत मैदान किती अवघड याचंही गणित असतं, पण आम्ही सगळे एकाच मैदानावर, एकाच टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, खेळणार होतो, म्हणून मी सरळ 72 वजा केले.

दोनशे पानी वही घेतली, प्रत्येकाला एक पान. वहिनींच्या सहा फेऱ्या: 98, 94, 101, 92, 96, 95. चांगल्या दोन 92 आणि 94, म्हणजे पारच्या वर 20 आणि 22. सरासरी 21, वजा एक, 20. त्यांना प्रत्येक होलला एक फटका माफ, आणि सर्वांत अवघड दोन होलना आणखी एकेक. मामेभावाचं उलटं. त्याच्या चांगल्या दोन फेऱ्या 62 आणि 64, म्हणजे पारच्या खाली 10 आणि 8. सरासरी नऊ, आणि एक वजा केल्यावर आणखी खाली, दहा. त्याला सर्वांत सोप्या दहा होलवर एकेक फटका परत करावा लागणार होता. दोघांत तीस फटक्यांचा फरक. मैदानावर सोबत खेळणाऱ्या दोघांत एवढं अंतर असलं तर भले भले बुचकळ्यात पडतील, पण मोबाइलवर वारा आणि अंतर आकड्यांत समोर दिसतं, त्यामुळे मुरलेला खेळाडू फारच खाली जातो.

गुण मोजायला स्टेबलफर्ड पद्धत घेतली. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात 1932 मध्ये डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी ती खेळवली. सवलत धरून पार आला तर दोन गुण, एक फटका कमी लागला तर तीन, एक जास्त लागला तर एक, त्याहून जास्तीला शून्य. आपल्या हँडिकॅपच्या आकड्याप्रमाणे खेळणाऱ्याचे 36 होतात. पहिल्या फेरीत चौथ्या होलला वहिनींचा चेंडू तीनदा पाण्यात गेला. अकरा फटके. जुन्या नियमात त्यांची फेरी तिथेच संपली असती. आता तिथे फक्त शून्य लिहिलं गेलं. पाचव्याला त्यांनी पार काढला, सवलतीनं तीन गुण. शेवटी 38 झाले. मामेभाऊ 63 मारून 35 वर थांबला.

अंबाजोगाईच्या मित्रानं मात्र 46 गुण केले आणि ग्रुपवर आग लागली. पात्रतेच्या, म्हणजे हँडिकॅप ठरवायच्या सहा फेऱ्यांत हा मुद्दाम वाईट खेळला, असं चौघांनी लिहिलं. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं आणि मी त्याला तसं बोललो. त्यानं एक शब्द उलट न बोलता दोन व्हिडिओ पाठवले. फटका मारताना पडद्यावरची जी सुई रेषेवर थांबवायची असते, ती जुन्या फोनवर अडखळत, उड्या मारत सरकत होती. रेषेवर ती थांबवणं कोणालाच जमलं नसतं. मधल्या आठवड्यात त्यानं नवा फोन घेतला होता. त्यावर तीच सुई पाण्यासारखी वाहत होती.

मी त्याची ग्रुपवर, सगळ्यांसमोर माफी मागितली. ते गुण तसेच ठेवले, पण आपल्या आकड्यापेक्षा दहा किंवा जास्त फटके सरस खेळणाऱ्याचा हँडिकॅप दोननं उतरवायचा, हा खऱ्या गोल्फमधला नियम त्याला लावला. शिवाय फोन बदलला तर नव्या फोनवर तीन फेऱ्या दाखवायच्या, हा आमचा स्वतःचा नियम जोडला. सुरुवातीलाच तो सुचायला हवा होता.

मामेभावाची तक्रार राहिलीच. "दादा, सगळ्यात कमी फटके माझे, आणि मी सहावा?" त्याचंही खोटं नव्हतं. चार वर्षांची मेहनत वहीतल्या वजाबाकीत बुडवायची, हे मला पटेना. म्हणून आता बक्षिसं दोन ठेवली आहेत: एक सवलतीशिवाय सर्वांत कमी फटक्यांचं, दुसरं गुणांचं. पहिलं त्यानंच नेलं.

सध्या पुढच्या स्पर्धेच्या फेऱ्या चालू आहेत. वहिनींचा आकडा 20 वरून 17 वर आलाय. काल त्यांनी वहीचं पान फोटो काढून मागवलं, स्वतः बेरीज तपासली आणि फोन केला. "भाऊजी, 17 बरोबर आहे. पण ती मंगळवारची 88 ची फेरी तुम्ही धरलीच नाही. तीही लिहा."