क्लबच्या खात्यावरच्या दोन सह्या

मी स्वतः ३४ वर्षे बँकेत नोकरी केली. "अद्ययावत उतारा आणल्याशिवाय सही बदलता येणार नाही" हे वाक्य मी काउंटरच्या आतून किती जणांना ऐकवले असेल, याची मोजदाद नाही. उतारा म्हणजे ट्रस्टचे सध्याचे विश्वस्त कोण, हे दाखवणारी धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतील नोंद. जुलै २०२३ मध्ये तेच वाक्य माझ्या मुलापेक्षाही लहान असलेल्या एका अधिकाऱ्याने मला अतिशय नम्रपणे ऐकवले. त्याचे म्हणणे नियमाला धरून होते हे मला पुरते समजत होते, आणि त्यामुळेच राग नेमका कोणावर काढावा हे समजत नव्हते.

आमच्या तालुक्याच्या गावातील रोटरी क्लबचा मी त्या वर्षी मानद सचिव होतो. मोतीबिंदू तपासणी, रक्तदान शिबिरे, जिल्हा परिषदेच्या शाळांना पाण्याच्या टाक्या, लांबून येणाऱ्या मुलींना सायकली, अशी आमची नेहमीची कामे. या कामांचा पैसा क्लबच्या खात्यातून नव्हे, तर क्लबने स्थापन केलेल्या धर्मादाय ट्रस्टच्या खात्यातून जातो, कारण देणगीवरची आयकर सवलत देणगीदाराला ट्रस्टच्या पावतीवर मिळते. या खात्याच्या धनादेशावर दोन सह्या लागत. त्यांपैकी एक सही ज्या ज्येष्ठ सदस्याची होती, त्यांचे मे महिन्यात निधन झाले. त्यांचे कापडाचे दुकान होते आणि दरवर्षी नवा अध्यक्ष चेकबुक घेऊन त्यांच्याकडे जाई. ते गिऱ्हाइकापुढे पसरलेला तागा बाजूला सारून, मीटरपट्टी कागदावर आडवी ठेवून सही करीत. कागदोपत्री ते कित्येक वर्षांपूर्वीच विश्वस्त राहिलेले नव्हते, हे मात्र ते गेल्यावर आमच्या ध्यानात आले.

याचे मूळ आमच्या ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तात आहे. क्लबचे त्या त्या वर्षीचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार हे पदसिद्ध विश्वस्त असतील, असे त्यात लिहिले आहे. १९०५ साली शिकागोत पहिला क्लब सुरू झाला, तेव्हा सभा आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरत आणि त्या फिरण्यावरूनच रोटरी हे नाव पडले. सभा फिरायच्या थांबल्या, पदे मात्र अजून फिरतात. दर १ जुलैला नवा अध्यक्ष येतो, म्हणजेच दर १ जुलैला ट्रस्टचे विश्वस्त बदलतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार असा प्रत्येक बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. त्यालाच बदल अर्ज किंवा बोलीभाषेत चेंज रिपोर्ट म्हणतात. आमच्याकडे मंजूर झालेला शेवटचा बदल २०१८-१९ चा होता. २०१९-२० चा अर्ज दाखल झाला होता, परंतु सुनावणीच्या तारखांना कोणीच हजर न राहिल्याने तो मंजूर न होताच निकाली निघाला, आणि त्यानंतरच्या अध्यक्षांनी अर्ज करण्याचेही कष्ट घेतले नाहीत. पोलिओच्या काळात रविवार-रविवार बूथवर उभे राहिलेले, जानेवारी २०११ नंतर देशात मूळ (वन्य) पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही हे अभिमानाने सांगणारे हे सदस्य, पण चार कागदांच्या फाइलला कोणी हात लावला नाही. पदग्रहण समारंभाचे फोटो मात्र, करोनाचे एक वर्ष सोडले तर, प्रत्येक वर्षाचे शिस्तीत लावलेले सापडले.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. उताऱ्याची प्रमाणित नक्कल काढताना एकदम पाच प्रती मागाव्यात. मी पहिल्यांदा एकच मागितली, ती वकिलांनी ठेवून घेतली, आणि दुसऱ्या प्रतीसाठी मला पुन्हा नक्कल अर्ज, पुन्हा कोर्ट फी स्टॅम्प आणि पुन्हा एक खेप करावी लागली.

वकिलांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले की, मागचा बदल मंजूर झाल्याशिवाय पुढचा मंजूर होत नाही. २०१८-१९ चे विश्वस्त गेले आणि २०१९-२० चे आले हे आधी नोंदवायचे, मग त्यांच्या जागी २०२०-२१ चे, अशा पाच पायऱ्या चढून चालू वर्षापर्यंत यायचे. पाच अर्ज, त्यांतील चार मुदतीबाहेरचे, म्हणून त्यांच्यासोबत विलंब माफीचे चार अर्ज. प्रत्येक अर्जाला सभेची सूचना, इतिवृत्त, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे, ओळखपत्रे, प्रतिज्ञापत्र आणि पायउतार झालेल्या विश्वस्तांची नाहरकत. कायद्यात २०१७ साली एक चांगली दुरुस्ती झाली आहे. विश्वस्तांची नावे बदलली असतील, तर अशा बदलाला १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मंजुरी देता येते, त्यानंतर नोटीस काढून हरकतीसाठी ३० दिवस देतात आणि हरकत आली नाही तर तीच मंजुरी कायम होते. परंतु उशिराच्या अर्जांत आधी विलंब माफ व्हावा लागतो, तेव्हा आम्हाला या सोयीचा लगेच काही उपयोग नव्हता.

कागद जमवताना २०२१ च्या वार्षिक सभेचे इतिवृत्तच नसल्याचे आढळले, कारण ती सभा ऑनलाइन झाली होती. एका सदस्याने सुचवले की आता लिहून टाकू, तारीख तेवढी जुनी घालू. चार वर्षांची इतिवृत्ते एकाच शाईत आणि एकाच अक्षरात पाहिली, की तपासणाराच्या मनात काय येते हे मला नोकरीमुळे ठाऊक होते, म्हणून मी ते होऊ दिले नाही. शेवटी क्लबची साप्ताहिक बुलेटिने उपयोगी पडली. कोणत्या तारखेला कोणी कोणाच्या गळ्यात अध्यक्षपदाची कॉलर घातली, हे त्यांत छायाचित्रांसह छापलेले होते. ज्या फोटोंची मी वर चेष्टा केली, तेच पुरावा म्हणून जोडले, हे इथे मान्य केले पाहिजे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सगळे अर्ज दाखल झाले. मोतीबिंदू तपासणीचे शिबिर दिवाळीनंतरचे ठरलेले होते. आमच्या भागात सोयाबीन निघून रब्बीच्या पेरण्या उरकल्या, की म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणारे हात मोकळे होतात. मोतीबिंदू थंडीतच काढावा या जुन्या समजुतीला आता अर्थ राहिलेला नसला, तरी घरच्यांना सवड त्याच दिवसांत मिळते. आम्ही गावातल्या शाळेत फक्त तपासणी करतो, शस्त्रक्रिया रुग्णालयातच होते, आणि तिथवर ने-आण करण्याची बस व रुग्णालयाचे बिल ट्रस्ट देतो. ट्रस्टच्या खात्यात पैसे पडून होते आणि धनादेशावर सही करणारा एकच माणूस उरला होता.

ऑक्टोबरमधल्या पहिल्या सुनावणीला धर्मादाय कार्यालयातले साहेब रजेवर होते. दुसऱ्या सुनावणीला समजले की त्या अधिकाऱ्यांकडे शेजारच्या जिल्ह्याचाही कार्यभार आहे आणि ते आठवड्यातून दोनच दिवस इथे बसतात. हे पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते, तर आमची एक खेप वाचली असती. बाकावर बसून पुकाऱ्याची वाट पाहायची, दुपारी अडीचला नाव पुकारले गेले की वकिलांनी आत जायचे, चार मिनिटांत बाहेर येऊन "पुढची तारीख" म्हणायचे, आणि रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, काय लिहिले ते मी बाहेरच्या टेबलावर वाचून डायरीत उतरवायचे. मंदिराच्या पुजाऱ्यापासून शिक्षणसंस्थेच्या कारकुनापर्यंत सगळे त्याच बाकावर असतात, आणि बहुतेकांची कथा एकच असते. प्रत्येकाचे अध्यक्ष कधीतरी बदलले होते आणि कोणीही वेळेवर कळवले नव्हते.

चार अर्जांत हरकत घेणारे कोणीच नव्हते. अडले ते २०२०-२१ च्या अध्यक्षांपाशी. ते क्लब सोडून गेले होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खरेदी झाली, तेव्हा सभेत कोणीतरी बिलांविषयी प्रश्न विचारला होता, आणि तो प्रश्न त्यांनी मनाला लावून घेतला होता. आमचा फोन ते घेत नव्हते. नाहरकत नाही म्हणून त्यांना रजिस्टर पोस्टाने नोटीस काढली, तर घर बंद असल्याचा शेरा घेऊन पाकीट परत आले. प्रत्यक्षात ते रोज सायंकाळी त्याच घराच्या ओसरीवर पेपर वाचत बसलेले असत. पुन्हा नोटीस, पुन्हा तारीख. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याचा विचार झाला. तेवढ्यात लोकसभेच्या निवडणुका आल्या आणि कार्यालयातील लेखनिक निवडणुकीच्या कामावर गेले. ज्यांच्याकडे आमची फाइल होती, ते परत येईपर्यंत ती फाइल कोणत्या कपाटात आहे, हे कोणी सांगू शकले नाही.

त्या सहा-सात महिन्यांत मला सर्वांत जास्त टोचले ते एका आजीचे फोन. आदल्या वर्षी आम्ही त्यांचा एक डोळा करून आणला होता, दुसऱ्यासाठी नाव लिहून घेतले होते, आणि केसपेपरच्या पाठीमागे मीच माझा नंबर लिहून दिला होता. त्या नातवाच्या मोबाइलवरून दर पंधरा दिवसांनी विचारीत, "भाऊ, गाडी कवा येनार हाय?" कलम २२ त्यांना समजावून सांगण्यासारखे नव्हते. डिसेंबरात दोन देणगीदारांनी आमच्या विनंतीवरून रुग्णालयाच्या ट्रस्टला थेट देणगी दिली. तिच्यातून ३४ शस्त्रक्रिया झाल्या, पण आजींचे गाव त्या फेरीत बसले नाही.

याच सुमारास अमेरिकेतील एका माजी विद्यार्थ्याने मोठी रक्कम पाठवण्याची तयारी दाखवली. अशा वेळी आनंदाने खाते क्रमांक पाठवण्यापूर्वी त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, हे विचारावे. भारतीय नागरिकाने परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून पाठवलेला पैसा चालतो, मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाची देणगी, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड का असेना, परदेशी देणग्यांच्या कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. आमच्याकडे यांतले काहीच नाही, म्हणून मी नम्रपणे नकार कळवला. क्लबमधील काहींना ते अजून आवडलेले नाही.

एप्रिलच्या अखेरीस मी वकिलांना न विचारता त्या माजी अध्यक्षांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. माजी अध्यक्षांनी मला अर्धा तास पावसाविषयी आणि ऊसदराविषयी बोलायला लावले आणि मग म्हणाले, "साहेब, क्लबच्या हॉलमधला फळा पाहिलात का?" मी पाहिला नव्हता, म्हणजे रोज पाहत होतो, पण वाचला नव्हता. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन वाचला. माजी अध्यक्षांच्या नावांच्या लाकडी फळ्यावर २०१९-२० नंतर एकदम २०२१-२२ होते. करोनाच्या वर्षी पदग्रहण समारंभ झाला नाही, म्हणून पेंटरला नावच दिले गेले नव्हते, आणि पुढच्या वर्षी ते देण्याचे कोणाला सुचले नाही. त्याच दिवशी पेंटरला बोलावले. मधे जागा नव्हती, म्हणून खालच्या ओळी खरवडून त्याने पुन्हा लिहिल्या. साडेतीनशे रुपये मी खिशातून दिले, कारण ट्रस्टच्या खात्यातून देणे शक्यच नव्हते. फळ्याचा फोटो घेऊन मी पुन्हा त्यांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी चष्मा लावून नाव वाचले, आडनावातली वेलांटी तपासली, आणि नाहरकतीवर सही केली. प्रत्येक पानावर सही हवी, हेही त्यांनीच मला सांगितले.

मे महिन्यात उरलेला विलंब माफ झाला. त्यासाठी थोडा खर्च भरावा लागला, आणि मंजुरीचे आदेश पाठोपाठ निघाले. माझ्या मते यात एक गोष्ट फार उपयोगी ठरली. आमचे लेखापरीक्षण अहवाल प्रत्येक वर्षी वेळेवर दाखल झालेले होते, कारण आमचे सनदी लेखापाल क्लबचे सभासद असूनही शिस्तीचे आहेत. अहवाल राहिले असते, तर चौकशी वेगळ्याच दिशेला गेली असती. ज्यांचे राहिले असतील, त्यांनी बदल अर्जाच्या आधी ते पूर्ण करावेत. दुसरे, आवक क्रमांक, म्हणजे कागद कार्यालयात पोचल्याचा नोंद क्रमांक, टाकून घेतल्याशिवाय एकही कागद टेबलावर ठेवून येऊ नये. निवडणुकीच्या गोंधळात आमची फाइल सापडली ती डायरीत लिहिलेल्या आवक क्रमांकावरूनच.

१२ जून २०२४ रोजी अद्ययावत उतारा हाती आला. मी पाच प्रती मागितल्या होत्या. बँकेतल्या त्या तरुण अधिकाऱ्याने उतारा, ठराव आणि मृत्यूचा दाखला तपासला, आणि म्हणाला, "सर, सगळं बरोबर आहे. पण पदाधिकारी ३० जूनपर्यंतच आहेत ना? मग पुढच्या महिन्यात पुन्हा उतारा लागेल." मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. हातात अठरा दिवस होते. सह्यांची नोंद होताच आम्ही रुग्णालयाला आगाऊ रक्कम दिली आणि २३ जूनला, रविवारी, पावसात बस काढली. आजी पहिल्या बाकावर बसल्या होत्या. गाडी उशिरा आल्याचे त्यांनी ड्रायव्हरला पुन्हापुन्हा ऐकवले, मला मात्र काही बोलल्या नाहीत.

विश्वस्त पदसिद्ध न ठेवता पाच वर्षांसाठी नेमावेत, असा प्रस्ताव मी क्लबपुढे ठेवला आहे. माजी अध्यक्षांपैकी दोघांना त्यात सन्मानाचा प्रश्न दिसतो, त्यामुळे तो अजून चर्चेतच आहे. १ जुलैपासून नव्वदावा दिवस २९ सप्टेंबरला येतो. नव्या अध्यक्षांचे हारतुरे आटोपल्यावर त्यांची आणि खजिनदारांची संमतीपत्रे मी व्यासपीठामागेच सही करून घेतली, पायउतार होणाऱ्यांच्या नाहरकती त्याच टेबलावर घेतल्या, आणि ११ जुलैला बदल अर्ज दाखल केला. आवक क्रमांक डायरीच्या पहिल्या पानावर आहे. फळ्यावर नवे नाव घालण्यासाठी पेंटरला रविवारी बोलावले आहे.