तोलाच्या मापात अडकलेला भाला

बडोद्यात मैदानी स्पर्धेला स्वतःचा भाला न्यायचा, तर तो आधी तपासणीत पास व्हावा लागतो. पुरुषांच्या भाल्याचं वजन किमान ८०० ग्रॅम, लांबी २.६० ते २.७० मीटर, हे लगेच उरकलं. अडलं ते तोलावर, आणि त्याचा राग अजून आहे.

गुरुत्वमध्य, म्हणजे भाला जिथे टेकवला की तोलून राहतो तो बिंदू, टोकापासून ९० ते १०६ सेंटिमीटरच्या आत हवा. तपासणीवाल्यांनी तो शोधायला भाला चक्क जाड फळीवर आडवा ठेवला. फळी तीन-चार सेंटिमीटर रुंद. गुरुत्वमध्य तिच्यावर कुठेही असला तरी भाला स्थिरच राहतो. मापली मात्र फळीची मागची कड. आकडा आला १०७, भाला बाजूला. रांग पुढे सरकत राहिली. बरीच हुज्जत घातल्यावर पोलादी पट्टी उभी धरून तिच्या धारेवर भाला तोलला, खडूने खूण केली, टेप लावली: १०५. पास! पातळ पट्टी आणि टेप स्वतःची न्या, आणि फळी दिसली की मापाआधीच बोला.

१०५ म्हणजे काठावरच. कारण झिजलेलं टोक. टोकाचे १० ग्रॅम गेले की तोल सेंटिमीटरभर मागे सरकतो. शेपटीवर १० ग्रॅम चिकटपट्टी लावली तर जवळपास दोन. पकडीची दोरी तोलावरच असते, म्हणून ती बदलल्याने फरक जवळजवळ पडत नाही. तोल मागे गेला की भाला नाक खाली करत नाही, आडवा पडतो. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेक केली. अशा फार लांब जाणाऱ्या आणि आडव्या पडणाऱ्या फेकींमुळे १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा तोल ४ सेंटिमीटर पुढे आणला गेला.

आखाड्यातली तलवार फेकून पाहणाऱ्यांनी हेच ध्यानात घ्यावं. तिचा तोल मुठीच्या पुढे, पात्यात असतो. हात मुठीवर, म्हणून ती गरगरते आणि ठरावीक अंतरावरच टोकाने लागते. दांडपट्ट्याचं लवचीक पातं तर लागताच वाकतं. भाला तोलावरच धरतात, म्हणून तो सरळ जातो.

ताठपणाबद्दल राहिलंच. ताठ भाला कमी थरथरतो, जोर वाया जात नाही, पण तिरकी फेक सांभाळून घेत नाही. नवख्याने थोडा मऊ घ्यावा.

आणि दोरी गुंडाळताना पकड दांड्यापेक्षा ८ मिलिमीटरहून जाड होऊ देऊ नका. तपासणीत तेही मोजतात.