आमची वाटचाल : आखडणाऱ्या गाड्यांचं काम

आमचं वर्कशॉप सुरू झालं ते क्लच आणि सस्पेन्शनच्या कामावर. फुल-टाइम फोर व्हील ड्राइव्ह गाड्या (ज्यांत इंजिनाचा जोर कायम चारही चाकांना जातो) तेव्हा क्वचित यायच्या आणि तक्रार बहुतेक एकच असायची : पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू वळलं की गाडी आखडते. बऱ्याच मालकांना ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) उघडायचा सल्ला आधीच मिळालेला असे. त्यातल्या कितीतरी गाड्या केस न उघडताच बऱ्या झाल्या. तेव्हापासून मोजमाप झाल्याशिवाय आम्ही पाना लावत नाही.

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. हा फरक सेंटर डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, सांभाळतो. तो लॉक राहिला की शाफ्टला पीळ बसत जातो आणि टायर घासला तरच तो सुटतो. म्हणून चिखलात बिनतक्रार वळणारी गाडी कोरड्या डांबरावर अडते.

सुरुवात टायरपासून. हवा सारखी करायची, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करायची, गाडी सरळ ढकलून चाकाच्या एका फेऱ्यात कापलेलं अंतर मोजायचं. चारही चाकांचं. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले तर सरळ रस्त्यावरही डिफरेन्शियलला उसंत मिळत नाही. मग एक चक्कर मारून चाकांची उष्णता बघतो. एकच चाक तापलं असेल तर संशय ब्रेकवर. वळताना लयीत कटकट येत असेल तर सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही जोर पोचवणारा सांधा) बघतो. डॅशबोर्डवरच्या डिफ लॉकच्या (सेंटर डिफरेन्शियल लॉक करणाऱ्या यंत्रणेच्या) दिव्यावर मात्र विसंबत नाही. बल्ब किंवा स्विच गेला असेल तर लॉक अडकूनही दिवा बंदच राहतो.

व्हिस्कस कपलिंगची, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टच्या वेगातला फरक घट्ट सिलिकॉन तेलाने आवरणाऱ्या भागाची, चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडी सपाट जागेवर, बाकीच्या चाकांखाली ठोकळे, गिअर न्यूट्रलमध्ये, डिफ लॉक काढलेला, हँडब्रेक ओढलेला (तो मागच्या बाजूला धरणारा हवा). पुढचं एक चाक जॅकवर उचलायचं आणि लांब दांड्याच्या टॉर्क पान्याने (किती जोर लागतो ते दाखवणाऱ्या) एकसारखा जोर लावायचा. कपलिंग चांगलं असेल तर चाक घट्ट मधात चमचा फिरावा तसं संथ सरकतं. हलतच नसेल तर आतलं सिलिकॉन तेल वय आणि उष्णतेने बिघडून कपलिंग जाम झालेलं असू शकतं. तेव्हा डिफ लॉक खरंच सुटलाय ना, हे आधी तपासतो. चाक मोकळं फिरलं तर कपलिंग कामातून गेलं. इथे घाई करू नये. हाताला ते संथ सरकणं कळायला वेळ लागतो. नव्या मुलांना मी आधी चांगल्या गाडीवर जोर लावायला देतो.

आता व्हिस्कस कपलिंगऐवजी इलेक्ट्रॉनिक क्लच असलेल्या गाड्याही येतात. त्यांना स्कॅनर लागतो, आणि कधी कधी चुकीचं तेल काढून कंपनीने सांगितलेलं भरल्यावरच धक्के थांबतात. खडू मात्र तिथेही आधी.

प्रत्येक गाडीची चारही मापं आणि टॉर्क पान्यावरचा आकडा आम्ही मालकाला लिहून देतो. पुढच्या खेपेला तो आकडा चढलेला दिसला, तर कपलिंग बदलायची वेळ जवळ आली हे गाडी अडण्याआधीच सांगता येतं.