मिक्सरच्या पट्टीवर मिळालेलं नाव

मागच्या आठवड्यात एका मुलीने मेसेज करून विचारलं, ताई मी स्वतःची गाणी रिलीज करतेय, स्टेज नेम घेऊ का घरचंच नाव ठेवू? उत्तर टाइप करायला बसले आणि ते एवढं लांबत गेलं की म्हटलं इथेच लिहावं, कारण या एका गोष्टीपायी माझी चांगली तीन वर्षं गेलीत.

पहिलं नाव मी एकविसाव्या वर्षी घेतलं. इंग्लिश, दोन शब्दांचं. तेव्हा पुण्यात कॅफेंमधे कव्हर्स गायचे, आजूबाजूच्या सगळ्यांची नावं तशीच होती, म्हणून घेतलं, दुसरं काही कारण नव्हतं. पण मग धनगरांच्या गजी ढोलाच्या ठेक्यावर गिटार वाजवून मराठीत गायला लागले आणि ते नाव अंगाला बसेना. निवेदक नाव पुकारायचे तेव्हा मलाच वाटायचं की आता दुसरं कोणीतरी येणार आहे.

मग घरचं नाव लावलं. पण माझं नाव-आडनाव असं आहे की शाळेत एकाच वर्गात आम्ही दोघी होतो. पहिलं मराठी गाणं अपलोड केलं आणि ते जाऊन पडलं माझ्याच नावाच्या, भक्तिगीतं गाणाऱ्या एका बाईंच्या पेजवर! अपलोड करताना आर्टिस्ट प्रोफाइलची लिंक दिली नाही तर सिस्टीम नुसतं नाव जुळवते, आणि त्या नावाचं पेज आधीपासून असेल तर गाणं सरळ तिकडे ढकलू शकते. म्युझिक अ‍ॅपवर गाणी पोचवणाऱ्या ज्या कंपनीला मी पैसे भरले होते ती रोज तेच छापील उत्तर पाठवायची. गाणं माझ्या पेजवर यायला एकोणीस दिवस लागले. रिलीजचा पहिला आठवडा, ज्यासाठी दोन महिने रील्स बनवल्या होत्या, तो दुसऱ्याच्या दारात गेला. खूप रडले होते मी तेव्हा. त्यामुळे नाव ठरवायच्या आधी ते सगळ्या म्युझिक अ‍ॅपवर, यूट्यूबवर, इन्स्टावर शोधून बघ, आणि बोलूनही शोध, कारण लोक आता फोनला तोंडी सांगतात की अमकीचं गाणं लाव.

मधेच लग्न ठरलं आणि आडनावाचा विषय निघाला. आशाताईंचं भोसले हे पहिल्या लग्नाचं आडनाव, ते लग्न टिकलं नाही पण नाव रेकॉर्डवर होतं, रसिकांच्या तोंडात होतं, ते तसंच राहिलं. किशोरीताईंचं आमोणकर हेही लग्नानंतरचंच आडनाव. मी घरी एवढंच सांगितलं की कागदावर काय ते नंतर बघू, पोस्टरवरचं नाव मी ठरवणार.

आणि ते ठरलं कुठे तर साताऱ्याकडे एका कार्यक्रमाच्या साउंडचेकला. मिक्सरवर खाली पांढरी चिकटपट्टी लावलेली असते, कुठल्या चॅनलला काय आहे ते मार्करने लिहायला. ढोल १, ढोल २, झांज, गिटार, आणि पाचव्या चॅनलखाली साउंडवाल्या दादांनी लिहिलं होतं 'म्हसवडकर'. आयोजकांनी त्यांना 'म्हसवडची मुलगी आहे' एवढंच सांगितलेलं. मॉनिटरमधून आवाज आला, "म्हसवडकर, जरा व्होकल द्या." आणि मी काही विचार न करता "हां दादा" म्हणाले. इंग्लिश नावाला तीन वर्षांत मी अशी ओ दिली नव्हती.

घरी येताना गाडीत डोक्यात तेच. मला वाटायचं ब्रँडिंग म्हणजे काहीतरी बाहेरून आलेलं, एजन्सीवाल्यांचं काम. अहो, आपल्याकडे तमाशावाल्यांनी हे कधीचं करून ठेवलंय! विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर, कांताबाई सातारकर. नाव घेतलं की माणूस आणि गाव दोन्ही समोर. पाडव्याच्या आसपास नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी जत्रेसाठी फड ठरवायला येतात, तेव्हा बोर्डावरचं नाव बघून सुपारी ठरते. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर', त्यातला तो 'सह'सुद्धा किती मोलाचा आहे बघा, दोन्ही नावांचे प्रेक्षक एका तंबूत. दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर लावलं, त्याच घरातल्या लताबाईंनी मराठी चित्रपटांना संगीत देताना मात्र 'आनंदघन' हे वेगळं नाव घेतलं. सी. रामचंद्र संगीतकार म्हणून सी. रामचंद्र आणि गायक म्हणून नुसते चितळकर. म्हणजे एका माणसाला दोन नावं चालतात, पण कुठलं कशासाठी हे त्याला पक्कं माहीत हवं.

मी म्हसवडकर घेतलं. स्पेलिंगवरून दोन दिवस डोकं खाल्लं, मधे डब्ल्यू का व्ही, शेवटी डब्ल्यू ठेवला आणि व्हीवालं हँडलही घेऊन ठेवलं, तूही घे. मित्र म्हणाला 'म्ह' दिल्लीच्या माणसाला म्हणता येणार नाही. नको येऊ दे, शिकेल, गाणं आवडलं तर शिकेल.

कागदांचं थोडक्यात सांगते. गीतकार-संगीतकार म्हणून फॉर्मवर खरं कायदेशीर नावच दे, बँक आणि पॅनला जुळणारं, स्टेज नेम फक्त आर्टिस्टच्या रकान्यात. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घेताना टोपणनावही कळव. ट्रेडमार्क हवा असेल तर गाण्याबजावण्याचे कार्यक्रम क्लास ४१ मधे येतात, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका क्लासला ४,५०० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षं चालते. मी अजून केलेला नाही, दिवाळीनंतर करणार आहे.

लोगोसाठी दोन डिझायनरनी नमुने पाठवले होते, छान होते पण कॉफीच्या पाकिटावरही चालले असते. मग गावातल्या बोर्ड रंगवणाऱ्या काकांकडे गेले. हल्ली फ्लेक्समुळे त्यांना काम कमी. त्यांनी पत्र्यावर खडूने रेघ मारली, पिवळ्यावर लाल अक्षरं काढली, आणि 'म्ह'च्या पोटात असा एक काही झोक दिला की मी बघतच राहिले. तोच फोटो काढून आता सगळीकडे वापरते, प्रोफाइलला, पोस्टरला, ढोलाच्या कव्हरवरही.

नाव पूर्ण झाल्यावर काकांनी ब्रश पुसत विचारलं, "खाली काय लिहू? किराणा, डेअरी, काय असेल ते लिहावं लागतं." एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ढोल आणि गिटार. त्यांनी 'आणि' गाळला, मधे एक ठिपका दिला, म्हणाले लांबून वाचता आलं पाहिजे.