गटार उपसले, बिल निघाले

गटार उपसण्याचे काम मीटरवर मोजतात. गोंधळाची सुरुवात तिथेच होते. कोणी पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही (खाल्ले असतील तर तो वेगळा विषय). सगळे अगदी नियमाला धरून झाले, तरी गावाला जे हवे ते या मापात बसतच नाही.

माझी नोकरी बांधकामांच्या साइटवर एमबी, म्हणजे मेजरमेंट बुक, भरण्यात गेली. आता निवृत्त होऊन फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी असतो, पण खोड जात नाही. मे अखेरीस वाड्यावर उपसणीवाले आले की ही विचारते, "टेप शोधताय ना?" टेप मला शोधावी लागत नाही, ती दाराशीच टांगलेली असते.

काम बघायला फार वेळ लागत नाही. चार माणसे, फावडी, घमेली. गाळ वर काढायचा आणि गटाराच्या काठावरच त्याचा ढीग लावायचा. त्या ढिगात माती कमी, बाकीचेच जास्त: माडाची चुडते, नारळाची सोडणे, बिअरच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, एकदा तर अख्खी प्लास्टिकची खुर्ची. चार दिवसांत गटार तळापर्यंत स्वच्छ दिसते, फोटो काढले जातात, लांबी मोजली जाते, बिल पुढे सरकते. मग जूनमध्ये पहिला दणकून पाऊस येतो आणि काठावरचा ढीग होता तिथे परत जातो. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. काठावर ठेवलेल्या मातीचा तिथे काय निभाव लागणार?

मी पंचायतीत जाऊन एस्टिमेट बघितले. गाळ काढण्याचा दर होता, लीड नव्हता. लीड म्हणजे काढलेला माल किती लांब नेऊन टाकायचा ते अंतर आणि त्याचा दर. सरपंच बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, कामाला हुशार. म्हणाल्या, "काका, वाहतूक धरली की आकडा वाढतो. आकडा वाढला की मंजुरीसाठी वर पाठवायचे. मंजुरी येईपर्यंत पावस लागतलो, मागीर कितें करप?" बोलणे खोटे नव्हते. पण मी त्यांना जुलैतली बिले काढायला सांगितली. खालच्या वाड्यावर दोन घरांत पाणी शिरले तेव्हा रात्री जेसीबी बोलावला होता, तासाच्या भाड्याने, टेंडर न काढता. मग रस्त्याखालच्या तुंबलेल्या मोरीसाठी पुन्हा एकदा. त्या बिलांची आणि मे महिन्यातल्या बिलाची बेरीज केली तर टिपरने गाळ उचलून नेणे केव्हाही स्वस्त पडले असते. पण ही बेरीज कुठेच होत नाही, कारण एक खर्च एका शीर्षाखाली आणि दुसरा आपत्कालीन म्हणून भलत्याच शीर्षाखाली. वार्षिक हिशेबात दोघे एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

स्वस्त टेंडर म्हणजे स्वस्त काम, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम द्या, ऑडिटची कटकट नाही. कमी बोली कशाच्या जोरावर लागली हे विचारायला कोणी रिकामा नसतो. आणि रिकामा नसतो हे शब्दशः खरे आहे. गोव्यात १९१ ग्रामपंचायती. कित्येक ठिकाणी एकाच सेक्रेटरीकडे दोन पंचायतींचा कारभार. एस्टिमेट करणारा आणि काम तपासणारा अभियंता गटविकास कार्यालयातला, त्याच्याकडे अनेक पंचायतींची कामे. मे महिन्यात सगळ्यांची गटारे एकदमच उपसायची असतात. तो तरी काठावर किती वेळ उभा राहील?

पैशाची तऱ्हा अशी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पंचायतींना जे अनुदान ठरवले, त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेले. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरा, पण पगार आणि आस्थापनेवर नको. हेतू चांगला आहे, नाहीतर सगळे पैसे पगारातच गेले असते. परिणाम मात्र असा की बांधायला पैसे आहेत आणि बांधलेले बघायला माणूस ठेवायचा तर घरपट्टीतून किंवा सोपोतून, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घेतात त्या पट्टीतून. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्या पंचायतींना ते जमेल. आमच्यासारख्या कुळागरांच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागांच्या गावात घरपट्टी ती किती आणि आठवड्याच्या बाजाराचा सोपो तो किती!

गटारांच्या बाबतीत आणखी एक मजा. मुख्य रस्त्याकडेचे गटार एकाचे, आतल्या रस्त्याचे पंचायतीचे, आणि जिथे दोन्ही मिळतात ती मोरी कोणाचीच नाही. गाळ नेमका तिथे अडतो. शिवाय त्याच मोरीतून नळाची पाइप आडवी गेलेली. तिला चुडत अडकले की त्यावर पिशवी, पिशवीवर माती, आणि एका रात्रीत बांध तयार. वरच्या बाजूला हॉटमिक्सचा, म्हणजे डांबराचा थर दर खेपेला जुना थर न खरवडता चढतो, त्यामुळे रस्ता उंच आणि लोकांचे उंबरठे खाली. हे सगळे वेगवेगळ्या बिलांत वेगवेगळे सुधारत असते.

गेल्या वर्षी मी ग्रामसभेत लेखी मागणी दिली. एका वाड्यापुरते तरी करून बघा म्हटले. गाळ दोन दिवसांत उचलायचा, तो कुठे टाकला त्याची टिपरची पावती लावायची, आणि बिलाचा शेवटचा हिस्सा जुलैत, मोठा पाऊस होऊन गेल्यावर, मोरी बघून द्यायचा. ठेकेदार कुरकुरला, त्याने दर थोडा वाढवून मागितला आणि तो दिला गेला. माझ्या मते तो वाजवी होता. एका पंचसदस्याने "भाऊ, जास्त पैसे देऊन बचत कसली?" म्हणून टोमणा मारला, लोक हसलेही.

त्या वाड्यावर पावसाळ्यात जेसीबी आला नाही. एका वर्षावरून निकाल देण्यात अर्थ नाही हे मला कळते. त्या मोरीतली पाइपही मध्यंतरी कोणीतरी वर उचलून घेतली होती, तिचाही हात असेल.

यंदा मागणी दोन गोष्टींची आहे. हीच अट सगळ्या वाड्यांना लावायची, आणि एमबीच्या पानांची प्रत बिल पास होण्याआधी पंचायतीच्या फलकावर डकवायची. माहिती अधिकारात दहा रुपये भरून ती मिळतेच, पण मिळेपर्यंत ढीग गटारात गेलेला असतो. सेक्रेटरी नवीन आले आहेत. "फलकाला काच नाही, कागद भिजेल," म्हणाले. काचेचे माप मी घेऊन ठेवले आहे.